हातउसना पैसा परराज्यात अडकला तर...



आपल्या वस्तीत असे घर क्वचितच सापडेल, ज्या घराने कधी कोणाला हातउसने पैसे दिले नाहीत किंवा घेतले नाहीत. आजारपण, लग्न, मुलांची फी, सुटलेली नोकरी अशा वेळी बँक दारात उभी करीत नाही, सावकार गळा धरतो. मग आपणच एकमेकांचे हात धरतो. ही आपल्या समाजाची मोठी ताकद आहे. परंतु याच ताकदीचा एक दुबळा कोपराही आहे. पैसे देताना आपण लिहून घेत नाही, आणि परत मागताना आपल्यालाच लाज वाटते. त्यातून घेणारा दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर "गेले ते पैसे" असे म्हणून आपण गप्प बसतो.

आम्हीही जवळजवळ गप्पच बसलो होतो. आमच्या घरावर आलेला प्रसंग येथे सांगण्याचे कारण एवढेच, की आम्ही जी अडीच वर्षे वाया घालवली, ती दुसऱ्या कोणी घालवू नयेत.

घरातलाच माणूस

आम्ही गोंदियाचे. राइस मिलमधली मजुरी आणि आमच्या आयुष्यमतींचे शिवणकाम यावर घर चालते. मुलीला नर्सिंगला घालायचे म्हणून दहा वर्षांत थोडे थोडे करून पैसे बाजूला टाकले होते. मे २०२२ मध्ये दुर्गहून आमचे साडू आले. आयुष्यमतींच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान. ठेकेदाराकडचे काम सुटले होते, जुना ऑटो विकत घ्यायचा होता. "भाऊ, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत तुमचा पैसा तुमच्या घरी," असे ते म्हणाले. आम्ही सत्तर हजार रुपये बँकेतून त्यांच्या खात्यावर टाकले आणि दहा हजार हातात दिले. व्याजाचा विषय काढला नाही, कागदाचाही नाही. सख्ख्या बहिणीच्या घराला कागद कसा मागायचा?

धम्मचक्र प्रवर्तन दिन आला आणि गेला. डिसेंबरमध्ये पाच हजार आले, पुढच्या मार्चमध्ये आणखी पाच हजार. त्यानंतर काही नाही. आधी कारणे आली, मग फोन उचलणे बंद झाले. बहिणी-बहिणींचे बोलणेही कमी झाले. एक फोन करायची तर दुसरीला वाटायचे, पैशासाठीच केला. दुसरी फोन टाळायची तर पहिलीला वाटायचे, पैशासाठीच टाळते.

२०२४ मध्ये मुलीला प्रवेश मिळाला आणि फी भरायला घरात पैसे नव्हते. महिला बचत गटातून पन्नास हजारांचे कर्ज काढावे लागले. आमचा पैसा दुर्गमध्ये बिनव्याजी फिरत होता आणि आम्ही गोंदियात दरमहा व्याज भरत होतो. शिवणयंत्रावर रात्री अकरापर्यंत बसणारी आमची आयुष्यमती एक दिवस म्हणाली, "माह्या बहिणीचं घर मोडू नका, पण माह्या पोरीचंही मोडू नका." त्या दिवशी आम्ही ठरविले की आता गप्प बसायचे नाही.

तीन वर्षांची घंटा

डिसेंबर २०२४ मधल्या एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही हा विषय एका निवृत्त गुरुजींजवळ काढला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "पैसे दिल्याची तारीख कोणती?" आम्ही म्हटले, मे २०२२. त्यांनी बोटे मोजली आणि म्हणाले, "मग तुमच्याजवळ पाच महिने आहेत."

हे आम्हाला ठाऊकच नव्हते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार हातउसन्या पैशाचा दावा साधारणपणे पैसे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मुदत टळली की पैसा खरा असला तरी कोर्टाचा दरवाजा बंद. "आज देतो, उद्या देतो" यात तीन वर्षे कशी सरतात, हे कळतही नाही. परत करण्याची तारीख ठरलेली असेल तर मुदतीचे गणित वेगळे होऊ शकते. परंतु आपण नेहमी सर्वांत आधीची तारीख धरून चालावे, म्हणजे फसगत होत नाही.

ही मुदत वाढविण्याचा सरळ मार्गही त्याच कायद्यात आहे. तीन वर्षे संपण्यापूर्वी घेणाऱ्याने "मी अमुक रक्कम देणे लागतो" असे लिहून, तारीख घालून सही केली, तर त्या दिवसापासून पुन्हा नवीन तीन वर्षे मिळतात. हप्ता दिला तरी मुदत नव्याने सुरू होते, परंतु त्या हप्त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीची असावी लागते. आमच्याकडे आलेले पाच-पाच हजार फोनवरून आले होते, सही कशावरच नव्हती. तेव्हा त्यांच्या भरवशावर बसणे धोक्याचे होते. मुदत टळल्यावरही घेणाऱ्याने जुने देणे फेडण्याचे नवे वचन लिहून सही करून दिले, तर करार कायद्याप्रमाणे त्यावर दावा चालतो. पण मुदत टळल्यावर असे वचन कोण लिहून देईल?

वकिलाची फी कोठून आणावी?

गरीब माणूस कोर्टाला दोन कारणांनी भितो. एक फी आणि दुसरी पायपीट. पहिल्याचे उत्तर ऐकून आम्ही चकित झालो.

घटनेच्या कलम ३९-अ मध्ये गरिबांना मोफत कायदेविषयक मदत देण्याचे तत्त्व १९७६ साली आले. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही या मदतीत येतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. तेव्हा जातीचा दाखला घरात जपून ठेवा, तो केवळ शाळेसाठी नसतो. आणि घरातली स्त्री अर्जदार असेल, तर ती स्त्री आहे एवढेच कारण पुरेसे आहे.

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. आम्ही गेलो, साधा अर्ज भरला आणि आम्हाला एक तरुण वकील भगिनी मिळाल्या. त्यांनी आमचे एक रुपयाचेही नुकसान होऊ दिले नाही.

दावा आपल्या गावी की त्याच्या गावी?

दुसरी भीती पायपिटीची. छत्तीसगडच्या कोर्टात आमचे कोण ओळखीचे? वकील भगिनींनी समजावून सांगितले. दिवाणी दावा प्रतिवादी राहतो तेथे करता येतो, तसाच व्यवहाराचा काही भाग जेथे घडला तेथेही करता येतो. आमचे बोलणे गोंदियात झाले, पैसे गोंदियाच्या शाखेतून गेले, हातातले दहा हजारही गोंदियातच दिले. म्हणून गोंदियाच्या कोर्टात जाता येत होते. तेथला निकाल दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाकडे पाठवून वसुली करून घेण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आणि त्या वसुलीसाठी निकालापासून बारा वर्षे मिळतात.

घेणाऱ्याने चेक दिला असेल आणि तो वटला नसेल, तर मार्ग आणखी जवळचा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक आपण आपल्या खात्यात भरला असेल तर आपली बँक शाखा ज्या कोर्टाच्या हद्दीत येते, तेथेच तक्रार करता येते. चेक देणारा देशाच्या कोणत्याही टोकाला असो. मात्र तारखा काटेकोर पाळाव्या लागतात. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरावा. तो परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवावी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्यात त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार दाखल करावी. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

काही बांधव आधी पोलीस ठाण्यात धावतात. पैसे घेऊन वेळेवर न देणे एवढ्याने फौजदारी गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसविण्याचा हेतू होता, खोटे कागद दाखविले, असे काही असेल तर फसवणुकीची तक्रार होते. नाहीतर ठाण्यातून "हे दिवाणी प्रकरण आहे" असेच उत्तर मिळते, आणि ते चूक नसते.

पुरावा काय?

"आमच्याकडे कागद नाही" असे म्हणून आम्ही हात टेकले होते. वकील भगिनींनी पासबुक मागितले. सत्तर हजारांची नोंद, साडूंचे नाव, तारीख, सर्व काही होते. बँकेकडून शिक्क्याचा उतारा काढला. साडूंनी व्हॉट्सअॅपवर पाठविलेला "भाऊ, थोडं थांबा, सत्तर बाकी आहे ते देतो" हा निरोप फोनमध्येच होता. असे निरोप पुसून टाकू नका, फोन बदलला तर जुना विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात फोनमधला पुरावा कोर्टात देण्यासाठी एक प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील तयार करून देतात. दहा हजार देताना शेजारचे काका हजर होते, त्यांची साक्षही चालणार होती.

नोटीस गेली आणि फोन आला

जानेवारी २०२५ मध्ये वकील भगिनींनी नोटीस पाठविली. त्या वेळी ती पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने गेली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा आता नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा घ्यावा. नोटिशीत शिवीगाळ नव्हती, धमकी नव्हती. तारखा, रकमा, मिळालेले दहा हजार, उरलेले सत्तर हजार आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढेच.

चौथ्या दिवशी रात्री बहिणीचा फोन आला. ती रडत होती. "ताई, पोस्टमन कागद घेऊन आला, पोरं घाबरून गेली. मले तर आजवर मालूमच नव्हतं की एवढे बाकी हायेत." साडूंनी घरात सांगितले होते की गोंदियाचे देणे फिटले. आमच्या आयुष्यमती पलीकडे काही न बोलता बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, आम्ही तुझ्या दारात भांडायला नाही, बसायला येतो."

फेब्रुवारीत आम्ही विहारातल्या गुरुजींना सोबत घेऊन सकाळच्या गाडीने निघालो. सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव करीत दुर्ग. दोन राज्यांमधली सीमा गाडीत कळलीही नाही. साडूंच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, अंगणात बंद पडलेला ऑटो. ऑटोचे इंजिन गेले होते, दुरुस्तीत पैसा गेला, मग लाजेने फोन उचलणे बंद झाले. त्यांनी देणे नाकारले नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "तोंड दाखवायला जागा नव्हती, भाऊ."

गुरुजींनी त्यांना सुत्तनिपातातल्या वसल सुत्ताची आठवण करून दिली. माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन ठरतो, हे तथागतांनी ज्या सुत्तात अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाला समजाविले, त्याच सुत्तात घेतलेले देणे नाकारून मागणाऱ्यापासून पळणाऱ्यालाही त्यांनी हीन कर्म करणाऱ्यांत गणले आहे. आणि अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना ऋण नसण्याचे सुख हे त्यातले एक सांगितले आहे. गुरुजी म्हणाले, "हे लोक तुमच्याकडून पैसे नेण्यासाठी आले नाहीत. ते सुख तुम्हाला मिळावे म्हणूनही आले आहेत."

त्याच दिवशी साडूंनी स्वतःच्या हाताने लिहून दिले: बाकी सत्तर हजार रुपये, दरमहा साडेतीन हजारप्रमाणे वीस हप्ते. खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. तीन वर्षे संपायला अडीच महिने उरले होते.

लोकअदालतीचा शिक्का

घरी लिहिलेला कागद तेवढ्यावर सोडू नये, असे वकील भगिनींचे म्हणणे पडले. दावा दाखल न करताच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. मार्चमध्ये साडू गोंदियाला आले, दोघांनी तडजोडीवर सह्या केल्या. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. हप्ते थांबले तर नवा दावा न करता थेट वसुलीचा अर्ज करता येतो. दुपारी साडू आमच्याच घरी जेवले. तीन वर्षांनी दोन्ही बहिणी एका ताटात बसल्या.

सारे गोड झाले असे मात्र समजू नका. एप्रिल २०२५ पासून आठ हप्ते वेळेवर आले, नववा दीड महिना उशिरा आला. हे लिहीत असताना दहा हप्ते जमा झाले आहेत, म्हणजे निम्मी रक्कम. ती आम्ही थेट बचत गटात भरतो. व्याजापोटी गेलेले आमचे पैसे परत येणार नाहीत. आणि हेही खरे, की साडूंनी तोंडच फिरविले असते तर वसुली सोपी नव्हती. कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी, पगाराचा ठरावीक भाग कोर्टालाही जप्त करता येत नाही. कायदा कर्जदाराच्या पोटावर पाय देऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या आपणही त्या जागी असू शकतो. म्हणून पेलेल असा हप्ता हीच खरी वसुली.

देतानाच हे करा

पहिली गोष्ट, शक्यतो पैसे बँकेतूनच द्या. वीस हजार आणि त्यापुढचे कर्ज रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही.

दुसरी, चार ओळी लिहून घ्या. "मागणी होताच परत देईन" अशी वचनचिठ्ठी एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घेतली, तर कोर्टात संक्षिप्त दाव्याचा लवकरचा मार्ग मिळतो. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी पुराव्यात घेतली जात नाही. सोबत आधारकार्डाची प्रत आणि परराज्यातला पूर्ण पत्ता घ्या. पत्ता नसेल तर नोटीस कोठे पाठवाल?

तिसरी, दिल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्हे, वहीत लिहा, आणि दोन वर्षे झाली की सही असलेली कबुली मागा.

चौथी, व्याजाचा धंदा करू नका. अडीनडीला दिलेला हातउसना पैसा वेगळा आणि शेकडा पाच रुपयांनी दरमहा फिरविलेला पैसा वेगळा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि अशा पैशासाठी कोर्ट मदत करीत नाही.

पाचवी, वसुलीसाठी गुंड पाठविणे, कामाच्या जागी जाऊन तमाशा करणे, फोटो टाकून बदनामी करणे यातले काहीही करू नका. पैसा आपला असूनही आपणच आरोपी होऊ.

बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याची वाट दाखविली. ती मोठमोठ्या लढ्यांसाठी आहे, तशीच सत्तर हजारांसाठीही आहे. घामाचा पैसा परत मागण्यात लाज नाही. लिहून मागण्यातही नाही. आमच्या घरी आता शिवणयंत्राशेजारी एक वही टांगली आहे. कोणी अडचणीत आला तर आम्ही आजही यथाशक्ती देतो, पण आधी वही खाली काढतो. आजवर कोणाला त्याचा राग आलेला नाही.

जयभीम!